आराखड्याला पूर्ण गुण, कामाला काठावर पास

आमच्या घरी पहिल्या भेटीला आलेल्या डिझायनर बाईंनी लॅमिनेटच्या नमुन्यांची पिशवी उघडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला होता : "कचऱ्याचे डबे किती आहेत आणि ते सध्या कुठे ठेवता?" इंदूरबाहेर राहणाऱ्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल. ज्या शहरात सकाळी गाणे वाजवत येणारी गाडी सहा वेगवेगळ्या खणांत कचरा घेते आणि ओल्यात प्लॅस्टिकची एक पिशवी सापडली तरी गाडीवरचा माणूस डबा परत करतो, तिथे स्वयंपाकघराची आखणी डब्यांपासून सुरू होणे हेच शहाणपणाचे होते. त्याआधी ज्या दोन दालनांत आम्ही चौकशी केली, तिथे ओट्याखालच्या कोपऱ्यात एक गोल फिरती बादली दाखवण्यात आली होती आणि बाकीचा कचरा कुठे जाणार, या प्रश्नावर विक्रेता हसला होता.

लोकमान्य नगरातले आमचे घर १९८४ चे, तळमजल्याचे. स्वयंपाकघर ११ फूट बाय साडेनऊ फूट, त्याला लागून १६ फूट बाय १२ फुटांचा हॉल, आणि दोहोंच्या मध्ये नऊ इंची विटांची भिंत. या दोन्ही जागांचे नियोजन आणि त्यांपैकी स्वयंपाकघराचे प्रत्यक्ष काम आम्ही शहरातल्या एका डिझाइन-संस्थेकडून करून घेतले. काम १० फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाले. मध्ये एक पावसाळा आणि घरच्या महालक्ष्म्या होऊन गेल्यावरच हा अभिप्राय लिहिण्यास घेतला आहे, कारण नवे स्वयंपाकघर पहिल्या महिन्यात सर्वांनाच आवडते. संस्थेचे नाव देत नाही. माझ्या काही तक्रारींचा निपटारा अजून व्हायचा आहे, आणि तो होईपर्यंत नाव छापणे मला न्यायाचे वाटत नाही.

या संस्थेची पद्धत अशी की नियोजन आणि काम यांचे करार वेगवेगळे होतात. नियोजनाचे शुल्क ४२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४९,५६०. त्या बदल्यात घरी येऊन मापे घेणे, घरच्या माणसांशी बोलणे, नकाशांचा संच, प्रत्येक वस्तूचे माप व प्रत लिहिलेला तक्ता, आणि काम कोणीही करत असले तरी चार वेळा जागेवर येऊन पाहणी करणे, एवढे मिळते. पुढचे काम त्यांच्याकडूनच करून घेण्याचे बंधन नसते. 'आमच्याकडून काम करा, डिझाइन फुकट' असे सांगणाऱ्या दालनांच्या तुलनेत ही रक्कम घरात सर्वांनाच खटकली होती. ह्यांनी तर पन्नास हजारांत चांगले फ्रिज येते, असे दोनदा बोलून दाखवले. माझे मत पहिल्या भेटीतच बदलले. फुकट नकाशा काढणाऱ्याचा नफा प्लायवूडच्या चौरस फुटांत असतो, त्यामुळे तो जिथे मोकळी भिंत पाहतो तिथे कपाट काढतो. या बाईंनी मात्र आमच्या नकाशातून दोन कपाटे कमी केली.

ही मुलाखत दोन तास चालली. घरात स्वयंपाक कोण करते, एका वेळी किती जण आत असतात, पोळ्या रोज किती होतात, मोठी पातेली वर्षातून किती वेळा निघतात, आणि खाली बसून काम कोण करते? हा शेवटचा प्रश्न ऐकून ८२ वर्षांच्या सासूबाई प्रथमच संभाषणात उतरल्या. त्यांना नारळ खवायला आणि पालेभाजी चिरायला आजही विळीच लागते, आणि विळी म्हणजे पाट, पुढ्यात ताट व पाय पसरण्याएवढी जमीन. उभ्या ओट्याच्या दालनवाल्या जगात या जमिनीला 'वाया गेलेली जागा' म्हणतात. नकाशात मात्र खिडकीखाली साडेतीन फूट बाय तीन फुटांचा चौकोन आखून त्यात 'आजींची विळी' असे लिहिलेले होते, आणि शेजारच्या कपाटाचा तळचा खण विळी, पाट व रोवळीसाठी राखलेला होता. त्या चौकोनात उजेड कसा पडेल, हेही पाहिलेले होते. सासूबाईंनी तो कागद शेजारणीला दाखवला.

कचऱ्याची व्यवस्था साधीच, पण विचारपूर्वक केलेली आहे. सहाही डबे स्वयंपाकघरात लागत नाहीत, हे आमच्याच लक्षात आले नव्हते. ओला, प्लॅस्टिकचा सुका आणि बाकीचा सुका हे तीन रोजचे, म्हणून ते मोरीशेजारच्या ओढून बाहेर येणाऱ्या खणात एकामागे एक बसवले. सॅनिटरी कचऱ्याचा झाकणाचा डबा न्हाणीघराकडे गेला. जुन्या बॅटऱ्या, औषधांच्या बाटल्या, खराब चार्जर असले घातक आणि ई-कचऱ्याचे नमुने महिन्यातून एकदाच निघतात, त्यांना मागच्या व्हरांड्यात दोन लहान डबे पुरले. ओल्याचा डबा मुद्दाम सर्वांत पुढे आणि सर्वांत लहान आहे, म्हणजे तो रोज रिकामा करावाच लागतो. देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात रोज ५५० टन ओला कचरा रिचवण्याची सोय २०२२ पासून आहे. तिथे पोहोचणाऱ्या आमच्या भाजीच्या देठांना घरातही सन्मानाची जागा मिळाली, एवढेच.

पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी खरे कौशल्य दाखवले. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ पासून येते. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणलेले हे पाणी आमच्या गल्लीत एक दिवसाआड सुटते, तेव्हा ते हौदात भरून घ्यायचे, आणि बाकी वापराला बोअरिंगचे पाणी. जुन्या स्वयंपाकघरात दोन्ही एकाच नळात मिसळत असत. नव्या नकाशात मोरीवर दोन स्वतंत्र नळ आले : एक नर्मदेच्या टाकीचा, पिण्यासाठी व शिजवण्यासाठी, आणि दुसरा बोअरिंगचा, भांड्यांसाठी. आरओच्या यंत्रात जितके पाणी शुद्ध होते तितके किंवा त्याहून अधिक वाया जाते. ती नळी सिंकच्या निचऱ्यात न सोडता व्हरांड्यातल्या बादलीत सोडली, आणि आता त्या पाण्याने फरशी पुसली जाते.

याच पाण्यामुळे दगडाची निवडही ठरली. आमच्या मनात काळा, चकचकीत ग्रॅनाइट होता, कारण सगळ्यांकडे तोच असतो. बाईंनी आमच्याच बोअरिंगचे पाणी काळ्या तुकड्यावर शिंपडून तो तुकडा उन्हात ठेवायला सांगितला. पाणी सुकल्यावर पांढरे डाग उठून दिसले, आणि दोन दिवसांनी ओल्या फडक्यानेही ते गेले नाहीत. आम्ही राखाडी ठिपक्यांचा ग्रॅनाइट घेतला. संगमरवर तर विचारातही नव्हता : लिंबू, चिंच आणि ताक रोज सांडणाऱ्या घरात तो चुन्याचा दगड आम्लाने खाल्ला जातो. क्वार्ट्झच्या पाट्या सुंदर दिसतात, पण त्यांत दगडाचा भुगा धरून ठेवणारी राळ असते. गॅसवरून उतरवलेली कढई तिच्यावर थेट टेकवली तर डाग पडतो, आणि आमच्याकडे कढई टेकवण्यापूर्वी कोणी चौकशी करत नाही.

ओट्याच्या उंचीवर सर्वांत जास्त वाद झाला. दालनांत सरसकट ३४ इंच सांगतात. उभे राहून कोपर जिथे येते त्याच्या चार-पाच इंच खाली हात सहज काम करतात, हा साधा हिशेब आहे. पण चिरण्या-मळण्याच्या ओट्याला तो जसाच्या तसा लागू पडतो, गॅसच्या ओट्याला नाही. शेगडीच मुळी ओट्यावर चार-पाच इंच उंच असते, तिच्यावर कुकर किंवा खोल पातेले चढले की ढवळणारा हात खांद्याच्या पातळीला जातो. म्हणून गॅसखालचा भाग ३० इंचांवर आणि कामाचा ओटा ३४ वर, अशी चार इंचांची पायरी सुचवली गेली. माझी उंची ५ फूट ३ इंच आणि सासूबाईंची ४ फूट १० इंच, दोघींनाही आता खांदे न उचलता वरण ढवळता येते. उणे असे की त्या पायरीच्या सांध्यात पाणी आणि पीठ साचते, आणि तो कोपरा रोज रात्री बोटाने निपटावा लागतो. नियोजनात याचा उल्लेख कुठेही नव्हता. तो असायला हवा होता.

शेगडी आधी आतल्या भिंतीशी होती. तिथेच ठेवली असती तर चिमणीच्या नळीला १४ फुटांचा प्रवास आणि तीन वळणे पडली असती. नळी जितकी लांब आणि वाकडी तितकी ओढ कमी होते, मग चिमणीच्या डब्यावर ताशी १,२०० घनमीटर हवा ओढण्याचा आकडा छापलेला असो की त्याहून अधिक. शेगडी बाहेरच्या भिंतीवर हलवली, त्यामुळे सहा इंची नळी एकाच वळणाने बाहेर पडते. खिडकीपासून तिला दोन फूट दूर ठेवले, नाहीतर मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ज्योत विझते. हिंगमोहरीची फोडणी आता हॉलमधल्या माणसाला शिंकायला लावत नाही, आणि मुळात हॉल व स्वयंपाकघर जोडण्याची हिंमत आम्ही याच भरवशावर केली.

गॅसच्या बाबतीत एक बारकावा मला नवा होता. आम्ही सध्या १४.२ किलोचे सिलिंडर वापरतो, पुढे-मागे अवंतिका गॅसची पाइपलाइन घेण्याचा विचार आहे. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. पाइपलाइनमधला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी आणि खोलीला छतालगत कायमचा झरोका, असे दोन्ही ठेवण्यात आले. पुढे येणाऱ्या गॅसच्या नळीसाठी भिंतीवर मोकळी जागा सोडून 'ही नळी गाडू नये, कपाटामागे झाकू नये' अशी टीप नकाशात दिली आहे. ज्या कपाटवाल्याला झरोका हा केवळ धुळीचा मार्ग वाटतो, त्याला हे पटवणे हा वेगळा उद्योग होता.

भिंत पाडण्याचा प्रश्न आमच्या मनात सर्वांत सोपा होता, आणि तिथेच आम्हाला थांबवण्यात आले. हॉल आणि स्वयंपाकघर पूर्ण खुले करावे, ही मुलीची इच्छा होती. १९८४ च्या या घराला सिमेंटचे खांब नाहीत, स्लॅबचा भार भिंतीच पेलतात. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे अशा घरांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. तशी एक भेग आमच्या मधल्या भिंतीत होतीच. संस्थेने स्वतःहून सांगितले की हा निर्णय त्यांचा नाही आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळे ६,००० रुपये देऊन विचारावे. त्याने पूर्ण भिंतीला नकार दिला आणि वर लोखंडी गर्डर टाकून, दोन्ही टोकांना भिंत राखून, पाच फुटांचे तोंड उघडण्यास मान्यता दिली. त्या तोंडाला काचेची सरकती दारे बसवली. पुऱ्या तळताना ती मिटतात, एरवी उघडी असतात. मुलगी प्रथम हिरमुसली होती. आता घरून काम करताना कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळी दार लावून घेणारी तीच असते.

नियोजनाच्या संचातला मला सर्वांत उपयोगी पडलेला कागद म्हणजे मापे व प्रती यांचा तक्ता. सुतारकामाचा भाव चौरस फुटांवर सांगतात, आणि तो बहुधा दर्शनी भागाचा असतो : १७ फूट लांब, अडीच फूट उंच खालची कपाटे म्हणजे ४२.५ चौरस फूट. आत किती फळ्या, पाठीमागे किती जाडीचे प्लाय, खण किती आणि त्यांच्या पट्ट्या कोणत्या, यांचा त्या आकड्यात पत्ता नसतो. त्यामुळे दोन दरपत्रकांची तुलना करणे म्हणजे आंब्यांची आणि आमरसाची तुलना करणे होय. तक्त्यात प्रत्येक कपाटापुढे १८ मिलिमीटरचे प्लाय, मोरीखाली व खालच्या रांगेत आयएस ७१० या भारतीय मानकाचे, म्हणजे पाण्याला सर्वांत टिकाऊ प्रतीचे, वरच्या रांगेत आयएस ३०३ ची बीडब्ल्यूआर, म्हणजे त्याखालची पाणीरोधक प्रत, पाठीला ६ मिलिमीटर, असे स्पष्ट लिहिलेले होते. आयएस ७१० चा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकण्याच्या कसोटीला उतरावा लागतो. मोरीच्या सांध्यातून वर्षानुवर्षे झिरपणाऱ्या पाण्यापुढे तेवढीच प्रत उभी राहते, पार्टिकल बोर्ड तर एका पावसाळ्यात भाकरीसारखा फुगतो. कामाच्या दहाव्या दिवशी शिक्का नसलेले चार ताव घरात आले, तेव्हा मी तक्ता पुढे केला आणि ते ताव त्याच टेम्पोतून परत गेले. ४९,५६० रुपयांपैकी बराच भाग मला त्या सकाळीच परत मिळाला, असे मी मानते.

स्टीलच्या जाळ्यांची बाबही अशीच. विक्रेता लोहचुंबक लावून दाखवतो आणि 'चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे', म्हणजे चांगल्या, सहसा न गंजणाऱ्या प्रतीचे स्टील आहे, असे सांगतो. स्वस्त २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा निरर्थक आहे. बिलावर '३०४' लिहून घेणे एवढाच उपाय तक्त्याखालच्या टीपेत दिला होता, तो आम्ही पाळला.

इथपर्यंतचे सारे कागदाविषयी झाले. स्वयंपाकघराचे काम आम्ही याच संस्थेला दिले, आणि अनुभवाचा दर्जा तिथे घसरला. करारात ३५ दिवसांची मुदत होती, म्हणजे १६ मार्च. धुळवड १४ मार्चला आणि रंगपंचमी १९ मार्चला होती. होळीपासून राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघेपर्यंत या शहरात गवंडी, सुतार, रंगारी यांपैकी कोणीही कामावर येत नाही, हे इंदूरच्या कंपनीला ठाऊक नसावे, यावर माझा विश्वास बसत नाही. मुदत ठरवताना ते दिवस वगळलेच नव्हते. काम प्रत्यक्षात ६१ व्या दिवशी, ११ एप्रिलला संपले. ३० मार्चचा गुढीपाडवा आम्ही मलब्याच्या पोत्यांशेजारी साजरा केला आणि मागच्या व्हरांड्यात मांडलेल्या एका शेगडीवर जेवढे जमले तेवढे केले. श्रीखंड बाहेरून आणावे लागले, याचे सासूबाईंना जे वाटले ते मी इथे लिहीत नाही.

उशिराचे दुसरे कारण टाळण्याजोगे होते. नकाशात सिंक ओट्याच्या खालून बसवायचे होते, तर दगड कापणाऱ्याला वरून बसणाऱ्या सिंकचे माप गेले. भोक मोठे झाले आणि ती पाटी बाद झाली. नवी पाटी संस्थेने स्वखर्चाने दिली, हे नोंदवले पाहिजे, पण तिच्यासाठी नऊ दिवस गेले. ज्या बाईंनी नकाशा काढला त्या कामावर देखरेख करत नव्हत्या. देखरेख करणाऱ्या मुलाकडे एका वेळी सहा घरे होती आणि नकाशाची प्रत त्याच्या मोबाइलमध्ये, तीही जुनी. चिमणीचे भोक चार इंच खाली पडले, ते बुजवून नवे पाडावे लागले. कराराप्रमाणे चार पाहण्या व्हायच्या होत्या, त्यांपैकी तीन झाल्या, आणि तिसऱ्या पाहणीत बाईंना स्वतःच्याच नकाशातला विळीचा चौकोन रंगाच्या डब्यांनी भरलेला दिसला. त्यांनी तो आपल्या हाताने रिकामा केला.

पैशांचे म्हणाल तर दरपत्रक ४,८५,००० चे होते आणि अखेरचे बिल ५,३१,००० चे झाले. वाढलेल्या ४६,००० पैकी २०,००० विजेच्या जादा कामाचे. इंडक्शन शेगडी, ओव्हन आणि पाणी तापवण्याचे यंत्र यांना स्वतंत्र तारा व १६ अँपिअरची बटणे हवीत, हे आम्ही नंतर सांगितले, तेव्हा तो खर्च आमच्या पदरी योग्यच होता. चिमणीच्या नळीचे १२,००० आणि मलबा उचलण्याचे १४,००० मात्र दरपत्रकातच असायला हवे होते. फोडलेल्या विटा आणि फरश्या रस्त्यावर टाकल्या तर नगर निगम दंड करते, हे या शहरात लहान मुलालाही माहीत आहे. भिंत फोडणाऱ्या कंपनीने मलब्याची ओळ विसरावी, याला विसरणे म्हणावे की दरपत्रक लहान दाखवण्याची युक्ती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

हॉलच्या नियोजनात मला बाईंचा हात दिसलाच नाही. स्वयंपाकघरात प्रत्येक डब्याचा विचार झाला होता, हॉलसाठी मात्र तयार साच्यातून काढलेले चित्र आले : टीव्हीमागे काळ्या पट्ट्यांचे पॅनेल, छताला जिप्समची चौकट, तिच्या कडेने दिव्यांची रेघ, आणि भिंतीला खिळवलेला साडेआठ फुटांचा काटकोनी सोफा. आमच्या हॉलची उंची साडेनऊ फूट आहे. खोट्या छताने त्यातले आठ इंच खाल्ले असते, पंखा तितकाच खाली आला असता, आणि मे महिन्यात दुपारी याच खोलीत झोपणाऱ्या माणसांना त्याची किंमत मोजावी लागली असती. महालक्ष्म्यांसाठी हा हॉल तीन दिवस रिकामा करावा लागतो, मखर उत्तरेच्या भिंतीला लागते आणि पूजेच्या दिवशी वीस पाने एका पंगतीला बसतात, हे मुलाखतीत सांगितलेले होते आणि लिहूनही घेतले होते. खिळवलेला सोफा नेमका उत्तरेच्या भिंतीला होता. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांसाठी काढलेल्या उघड्या फळ्या चार-चार फुटांच्या, मधे आधार नसलेल्या. १८ मिलिमीटरचे प्लाय पुस्तकांच्या ओझ्याने तेवढ्या लांबीत वाकतेच. आमच्या नेहमीच्या सुताराने ते चित्र पाहून फक्त "ताई, यावर फुलदाण्या ठेवायच्या असतील ना?" असे विचारले.

म्हणून हॉलचे काम आम्ही त्या सुताराकडूनच, नकाशात आमचे बदल करून घेतले. छत तसेच राहिले. त्याला फक्त रंग आणि चार कडांना मंद पिवळे दिवे मिळाले. सोफ्याऐवजी हलवता येणाऱ्या तीन लाकडी बैठका केल्या, त्यांच्या पोटात पंगतीच्या सतरंज्या मावतात. फळ्यांना दर दोन फुटांवर उभा आधार दिला. उत्तरेच्या भिंतीवर मखराच्या उंचीला दोन विजेची बटणे आणि छतालगत चार पक्के आकडे बसवले, जे वर्षातले ३६२ दिवस कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. या सगळ्याला १,९०,००० रुपये लागले. संस्थेचे हॉलचे दरपत्रक ३,३५,००० चे होते.

३१ ऑगस्टला महालक्ष्म्या आल्या, तेव्हा बैठका अर्ध्या तासात व्हरांड्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एका वेळी पाच बायका होत्या : दोघी ओट्याशी, एक गॅसपाशी, एक मोरीवर, आणि सासूबाई आपल्या चौकोनात विळीवर. कोणी कोणाला 'जरा सरका' म्हटले नाही. जुन्या स्वयंपाकघरात हे वाक्य पुरणाइतकेच नियमाने ऐकू येत असे. रात्री सराफ्यात, म्हणजे सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत, जाऊन खाणाऱ्या या शहरात घरच्या ओट्यावर इतका खर्च कशाला, असे विचारणारे आमचे एक आप्त त्या दिवशी दोनदा पुरणपोळी मागून गेले.

पावसाळ्यात वरच्या दोन कपाटांची दारे किंचित फुगून एकमेकांना घासू लागली, ती बिजागऱ्या फिरवून सरळ झाली. मोरीखालचे प्लाय कोरडे आहे. नर्मदेच्या नळाच्या मुळाशी थेंब थेंब गळती आहे, ती दुरुस्त करण्यासाठी मी तीन वेळा फोन केला आहे आणि दोनदा 'उद्या माणूस येईल' हे उत्तर मिळाले आहे. चौथी पाहणीही बाकीच आहे. नव्या घराच्या विचारात असलेल्या माझ्या भाचीने या संस्थेविषयी विचारले, तेव्हा तिला मी नियोजनाचा करार जरूर करण्यास सांगितले. मापांचा तक्ता हातात आल्यावरच काम कोणाला द्यायचे ते ठरवावे, मुदतीत सणांचे दिवस लिहून घ्यावेत, मलब्याची ओळ दरपत्रकात आहे का ते पाहावे, आणि नकाशा काढणारी व्यक्तीच पाहणीला येईल असे करारात नाव घालून मागावे, हेही सांगितले. तिने हॉलचे विचारले. हॉलसाठी तिला आमच्या सुताराचा नंबर दिला.

नळ आजही गळतो आहे. खाली वाटी ठेवली आहे, आणि तिच्यातले पाणी तुळशीला जाते.